कामाला मार्क द्या, माणसाला नको: स्वतःला स्वीकारण्याचा रोजचा सराव

पुण्या-मुंबईला गेलं की आपलं मराठी ऐकून कुणीतरी गालात हसतं, आणि इकडं कचेरीत गेलं की "इतकी वर्षं इथं राहता, अजून कन्नड येत नाही?" हे ऐकावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं भालकी-औराद, खाली हल्याळ-कारवार, कर्नाटकातल्या या सगळ्या सीमापट्ट्यात वाढलेल्या मराठी माणसाला ही दोन्ही बोलणी पाठ आहेत. घरात मराठी, कागदावर कन्नड, नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी. तीन ठिकाणी तीन मापं, आणि तिन्हीकडं आपण थोडे कमीच. हा कमीपणा एकदा अंगात मुरला की तो भाषेपुरता राहत नाही. रंग, पगार, घर, मुलांचे मार्क, लग्न जमणं-न जमणं, सगळीकडं पसरतो. मग माणूस जे येतं तेही करायला कचरतो.

मी बरीच वर्षं मराठी शाळेत शिकवलं. आता बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातल्या बायका, कॉलेजची पोरं, कधी निवृत्त झालेली माणसं घरी बोलत बसतात. त्यांच्यासोबत जे करून बघितलं आणि ज्याचा उपयोग होताना दिसला, ते क्रमानं सांगते. घाई करू नका. एक पायरी नीट बसली की मगच पुढची.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिच्यात त्यांनी हे फार ठामपणे सांगितलं: माणसाच्या वागण्याचं मोजमाप करा, अख्ख्या माणसाचं करू नका. भाकरी करपली हे खरं असेल, पण त्यावरून करणारी बाई वाया गेलेली ठरत नाही. एका माणसाच्या हातून आयुष्यात हजारो कामं होतात. काही छान, काही बरी, काही फसलेली. त्या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढायचं गणितच नाही. तरी आपण रोज तो आकडा काढतो, आणि बहुतेक वेळा नापासाचा काढतो.

स्वीकार म्हणजे "चालतंय की, सोड" नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पहिली शंका तीच येते. स्वतःला स्वीकारलं तर सुधारणा थांबेल, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. जो स्वतःला सारखा झोडपत असतो तो चूक लपवण्यात शक्ती घालवतो. ज्याला स्वतःची लाज वाटत नाही तो चूक समोर ठेवून दुरुस्त करतो.

दुसरी शंका आपल्या भागातली खास. स्वतःला स्वीकारणं म्हणजे अन्याय मुकाट सोसणं का? मुळीच नाही. राज्यघटनेच्या ३५० अ कलमात अल्पसंख्याक भाषिकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याबद्दल लिहिलेलं आहे, आणि ३५० कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे. मराठीतून कागद मिळावेत म्हणून मागणी करा, अर्ज करा, मोर्चालाही जा. पण ते मिळेपर्यंत स्वतःला अडाणी समजायचं कारण नाही. हक्क मागणं एका बाजूला आणि स्वतःबद्दलचं मत एका बाजूला, या दोन गोष्टींची गाठ सोडवा.

पायरी पहिली: आधी नुसतं लिहून काढा

साधी शाळेची वही घ्या. पानाला दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात काय घडलं. दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. तिसऱ्यात त्यानंतर तुम्ही काय केलं किंवा काय करायचं टाळलं.

दुसऱ्या रकान्यात लोक फसवाफसवी करतात. "वाईट वाटलं", "अपमान झाल्यासारखं झालं" असं सोज्वळ काहीतरी लिहितात. ते नको. मनात शिवी आली असेल तर शिवी लिहा. "तुझ्यानं काय होणार हाय", "काळं तोंड घेऊन कशाला गेलीस पुढं", असली वाक्यं आपण स्वतःला दिवसभर ऐकवत असतो आणि ती कधी कागदावर येत नाहीत, म्हणून ती खरी वाटत राहतात.

दोन आठवडे फक्त एवढंच. मन बदलायचा, चांगलं वाटून घ्यायचा अजिबात प्रयत्न करायचा नाही. रोज दहा मिनिटं पुरतात. अंथरुणावर पडल्यावर मात्र लिहू नका, त्या वेळी दमलेल्या मनाला सगळंच वाईट दिसतं. संध्याकाळची दिवाबत्ती झाल्यावर, जेवणाच्या आधी, ही वेळ बऱ्याच जणांना सोयीची पडते.

एकत्र कुटुंबात वही कुणाच्या तरी हाती लागेल ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. मोबाईलमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवता येतो. सुट्या कागदावर लिहून आठवड्याने चुलीत घातलं तरी चालतं. एक सून किराणा सामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला लिहायची, तिकडं कुणी बघतच नाही. लिहिताना उमटलेला शब्द तुमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे, तो जपून ठेवायलाच हवा असं नाही.

पायरी दुसरी: घटना आणि निकाल वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एक उदाहरण सविस्तर घेते, म्हणजे हाताला वळण लागेल.

बेळगावजवळच्या येळ्ळूरकडचे एक शेतकरी दादा. वडील वारल्यावर उताऱ्यावर वारसा नोंद करायला गेले. अर्ज कन्नडात. रांगेतल्या मागच्या पोराला त्यांनी विचारलं, "जरा वाचून दाखव बाबा." खिडकीतल्या माणसानं मान वर करून बघितलं आणि काहीतरी पुटपुटला. दादा अर्ज घडी घालून खिशात ठेवून घरी आले.

त्यांच्या कागदावर पहिल्या रकान्यात होतं: "कचेरीत इज्जत गेली." दुसऱ्यात: "दहावी शिकून पण अडाण्यात जमा. बापाचं नाव पण लावता येईना." तिसऱ्यात: "अर्ज दिला नाही. घरात सांगितलं, साहेब नव्हते. पोरावर ओरडलो."

आता पहिला रकाना बघा. "इज्जत गेली" ही घटना नाही, तो निकाल आहे. तिथं कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं? एका माणसानं कन्नड अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेतला. खिडकीतल्या माणसानं वर बघून काहीतरी म्हटलं. ते काय म्हटलं हेसुद्धा दादांना ऐकू आलेलं नव्हतं. एवढंच घडलं. पहिला रकाना पुन्हा लिहायचा तो असा कोरडा, पंचनाम्यासारखा.

मग दुसरा रकाना. त्यातल्या वाक्याला विचारायचं: हे कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? "कन्नड लिपी वाचता येत नाही" हे कामाबद्दल. "अडाण्यात जमा" हे माणसाबद्दल. माणसाबद्दलचं खोडा, कामाबद्दलचं ठेवा. दादांनी शेवटी लिहिलं: "मला कन्नड वाचता येत नाही. शेतीचा हिशेब, सोसायटीचं कर्ज, पाण्याची पाळी मी सांभाळतो. अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेऊन देता येतो." तीन वाक्यं. एकही खोटं नाही, एकही गोड नाही.

गोड लिहू नका यावर माझा फार भर आहे. बरेच जण निकाल उलटा करतात. "मी अडाणी" खोडून "मी फार हुशार आहे, मी सगळं करू शकतो" लिहितात, आरशासमोर उभं राहून म्हणतात. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुढचा अर्ज अडतो आणि सगळा डोलारा खाली येतो. शाबासकीसुद्धा अख्ख्या माणसाला दिली की तीही मार्कच झाली, आणि दिलेला मार्क काढून घेता येतो. "आजचं पिठलं चांगलं झालं" म्हणा. "मी सुगरण" म्हणायची गरज नाही.

तिसऱ्या रकान्यातून या सगळ्याची किंमत कळते. अर्ज दिला नाही, म्हणजे नोंद लांबली. घरात खोटं बोलावं लागलं. पोराला विनाकारण ओरडा बसला. कचेरीतल्या दोन मिनिटांनी एवढं नुकसान केलं नव्हतं, नंतरच्या वाक्यानं केलं. हे स्वतःच्या हस्ताक्षरात दिसलं की आत काहीतरी हलतं. दुसऱ्यानं सांगून ते होत नाही.

वाक्य फारच घट्ट चिकटलेलं असेल तर एक प्रश्न मदतीला येतो. हेच वाक्य तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीला तोंडावर म्हटलं असतं का? ती त्याच खिडकीतून परत आली असती तर तुम्ही काय म्हणाला असता? बहुतेक जण क्षणात उत्तर देतात: "जाऊ दे गं, उद्या दोघी जाऊया." मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेची जी मांडणी केली, तिच्यात स्वतःशी मायेनं बोलणं येतंच, त्याबरोबर आपल्यावर आलेलं हे माणसांवर येतच असतं हे ध्यानात ठेवणंही येतं. त्या रांगेत दुसऱ्याकडून अर्ज वाचून घेणारे दादा एकटे नव्हते. त्यांना त्या वेळी दुसरं कुणी दिसलंच नाही.

पायरी तिसरी: फूटपट्टी कुणाची, ते शोधा

दोन-तीन आठवड्यांची पानं उलटली की काही नावं पुन्हा पुन्हा दिसतील. पुण्यातला चुलतभाऊ. जाऊबाई. शेजारच्या गल्लीतला वर्गमित्र, ज्यानं उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की जिथं मोजायला पक्कं साधन नसतं तिथं माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला मोजतो, आणि त्यासाठी आपल्यासारख्याच माणसांना निवडतो. म्हणून अंबानीच्या बंगल्यानं आपली झोप उडत नाही, चुलतभावाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटनं उडते.

तुलना बंद करा असं मी सांगत नाही, ती बंद होत नाही. ज्या प्रसंगी ती सगळ्यात जोरात चावते त्या प्रसंगाची तयारी करा. आपल्याकडं असा प्रसंग म्हणजे गावची जत्रा.

बेळगाव-खानापूर भागातल्या गावोगावच्या महालक्ष्मी जत्रा दरवर्षी येत नाहीत, कित्येक गावांत बऱ्याच वर्षांच्या अंतरानं येतात. त्यामुळं जत्रा ठरली की अख्खं गाव कामाला लागतं. घराला रंग, नवीन पत्रे, माहेरवाशिणींना साड्या, मटणाची जेवणं, दारात मांडव. मुंबई-पुण्याचे पाव्हणे, गोव्याला कामाला असलेली पोरं, सगळी येतात. मला ही जत्रा मनापासून आवडते. देवीला बघून डोळ्यात पाणी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका, वर्षानुवर्षं न भेटलेल्या मैत्रिणी एका पंगतीला, हे दुसरीकडं कुठं मिळत नाही. पण जत्रेनंतर दोन-तीन वर्षं हप्ते फेडत बसलेली घरंही मी बघितली आहेत, आणि त्यातला मोठा भाग देवीसाठी झालेला नसतो, शेजारच्या मांडवाकडं बघून झालेला असतो.

जत्रा ठरली की महिना-दोन महिने आधी नवरा-बायकोनं शांतपणे बसावं. मोठी मुलं असतील तर त्यांनाही घ्यावं. कागदावर आधी हातात असलेली रक्कम लिहायची. मग कर्ज न काढता काय-काय होतं ते. मग तिसरा आकडा: "लोक काय म्हणतील" म्हणून वाढणारा खर्च. हा तिसरा आकडा वेगळा लिहायलाच हवा. तोपर्यंत तो भाजी-मटणाच्या खर्चात मिसळून दिसेनासा झालेला असतो.

त्यानंतर एक वाक्य तयार करा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं ठरवा. "यंदा आमच्याकडं एवढंच जमतंय, तुम्ही या मात्र नक्की, पोटभर जेवून जा." एकदाच म्हणायचं. पुढं कारणं द्यायची नाहीत. "ह्यांचा पगार थांबलाय, पोराची फी आहे, त्यात औषधं..." अशी यादी सुरू झाली की समोरच्याला न्यायाधीशाची खुर्ची आपणच देतो. थोरल्या काकांनी "अरे, आपल्या घराण्याला हे शोभतं का?" म्हटलं तर "काका, तुम्ही आलात की शोभा आलीच," म्हणून ताट वाढायला घ्या. वाद घालायची ती जागा नाही.

जत्रा झाल्यावर वहीत लिहा: कोण खरंच काय बोललं? नाव घालून. ज्या दहा टोमण्यांची धास्ती होती त्यातले किती आले, ते स्वतः बघा. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यातल्या बहुतेकांची यादी आखूड निघाली, आणि एका बाईच्या यादीत सगळ्यात मोठा टोमणा तिचा स्वतःचाच होता, पाव्हणे निघून गेल्यावर भांडी घासताना मनात म्हटलेला.

लग्नकार्य, वास्तुशांत, शिवजयंतीच्या चित्ररथाची वर्गणी, सगळीकडं हीच रीत लागू पडते. व्हॉट्सॲपवरच्या स्टेटसला मात्र वेगळा उपाय नाही, ज्याचं बघून त्रास होतो त्याचं स्टेटस म्यूट करून टाका. त्याला कळत नाही.

पायरी चौथी: दोन याद्या करा, त्यातून एकच काम उचला

एका पानावर दोन याद्या. डावीकडं जे बदलणार नाही: उंची, रंग, वय, जन्मगाव, मातृभाषा, आई-वडिलांनी काय केलं किंवा केलं नाही, कुठल्या शाळेत घातलं. उजवीकडं जे शिकता येतं किंवा बदलता येतं: गाडी चालवणं, कन्नड वाचणं, हिशेब, आवाज न चढवता बोलणं, रोज चालणं.

बरेच जण डावीकडच्या यादीशी भांडण्यात उजवीकडची यादी विसरतात. आणि काही जण उजवीकडची सगळी यादी एक तारखेपासून सुरू करतात, मग आठ तारखेला सगळी सोडतात. एकच काम उचला. ते इतकं छोटं करा की तापातून उठलेल्या दिवशीही होईल.

दादांनी कन्नड वाचणं उचललं. आपल्या भागात अनेकांच्या उजव्या यादीत ते असतं, म्हणून तेच सविस्तर सांगते. कन्नड वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. अ आ इ ई, मग क ख ग घ. आपला ळ सुद्धा तिथं आहे. वेगळं एवढंच की ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत, आणि अक्षरांवर शिरोरेघ नसते. म्हणजे आवाज बहुतेक सगळे ओळखीचे, फक्त आकार नवे.

पुस्तकापासून सुरुवात करू नका. बसच्या पाट्यांपासून करा, कारण तिथं उत्तर आधीच माहीत असतं. खानापूरच्या बसवर काय लिहिलंय हे तुम्हाला ठाऊक आहे, आता कुठला आकार 'खा' आणि कुठला 'ना' तेवढं शोधायचं. गोकाकची पाटी तर सुरुवातीला फारच उपयोगी. त्या नावात 'क' दोनदा येतो, एकदा कान्यासह आणि एकदा कान्याशिवाय, शेजारी-शेजारी. दोन्ही नीट बघितले की कन्नडात काना कुठं आणि कसा लागतो ते डोळ्यांना कळून जातं. निपाणीच्या पाटीवर 'प' च्या खाली आणखी एक 'प' लोंबताना दिसेल, कारण कन्नडात ते नाव निप्पाणी असं लिहितात. तुमचं पहिलं जोडाक्षर तिथं शिकून झालं.

हे कधी करायचं, ते आधी ठरवून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की नुसतं "मी करीन" ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं जोडून ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून "रोज कन्नड शिकेन" नको. "सीबीटीवर (बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) बसची वाट बघत उभा राहिलो की समोरची एक पाटी वाचीन" असं हवं. गाडी शिकणाऱ्या बाईनं "दूध आणायला निघाले की कोपऱ्यापर्यंत स्कूटी नेईन" असं ठरवावं.

एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडं ऐकवतात. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. नवीन गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे बाविसाव्या दिवशी जमलं नाही तर तुमच्यात खोट नाही, आणि काल चुकलं म्हणून आज सोडायचंही कारण नाही.

बोलण्यासाठी दोन वाक्यं पाठ करा. "ननग कन्नड अष्ट बरंगिल्ल, कलियाकत्तीनि." मला कन्नड तेवढं येत नाही, शिकतोय. आणि "स्वल्प सावकाश हेळ्री." जरा सावकाश सांगा. ही दोन वाक्यं आपण होऊन आधी म्हटली की बोलण्याचा सूरच बदलतो. समोरचा सहसा हसतो आणि सावकाश बोलायला लागतो. कुणी कुत्सित बोललाच, तर तो त्याच्या वागण्याचा प्रश्न. त्याच्या वागण्यालाही मार्क द्या, त्याला नको. हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण दुसऱ्यांवर एका शब्दात शिक्के मारायची सवय ठेवून स्वतःवरचा शिक्का पुसता येत नाही.

पायरी पाचवी: नाही म्हणणं आणि चुकलं म्हणणं

दोन्ही एकाच जागी अडतात. नाही म्हटलं तर मी वाईट ठरेन, आणि चूक कबूल केली तर मी संपलो. दुसरी पायरी नीट झाली असेल तर इथं फार कष्ट पडत नाहीत.

नाही म्हणताना कारण एक, आणि आवाज नेहमीचाच. "वहिनी, या रविवारी मला जमणार नाही." वहिनी रुसतील. त्यांना रुसू द्या. रुसवा काढायला लगेच धावलात तर तो नकार नव्हताच.

माफी मागताना काय चुकलं ते नेमकं सांगा आणि तिथंच थांबा. "काल पाव्हण्यांसमोर तुला ओरडलो, ते चुकलं." याच्यापुढं "मी आहेच असला नालायक" जोडलं की समोरच्याला उलट तुमचीच समजूत काढावी लागते, आणि त्याचं दुखणं बाजूला पडतं.

शरीराबद्दल थोडक्यात. मुलगी बघायच्या कार्यक्रमात "जरा सावळी आहे" हे वाक्य अजूनही चहाच्या कपाबरोबर फिरतं. घरातल्या एका मोठ्या माणसानं तिथंच शांतपणे "आमच्याकडं रंगावर बोलत नाहीत" म्हटलं, तर त्या मुलीला त्याचा जेवढा आधार होतो तेवढा नंतरच्या शंभर समजुतींनी होत नाही. घरात कुणी थोरलं असाल तर हे तुमचं काम समजा.

पायरी सहावी: वही पुरत नाही, तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बराचसा वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर हा स्वभाव नव्हे आणि कमकुवतपणाही नव्हे. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

टेलीमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि भाषा निवडता येते, मराठीही आहे आणि कन्नडही. बेळगावात बिम्सच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही संस्था तर याच कामासाठी आहे, आणि बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पहिल्यांदा जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, लक्षणं चिठ्ठीवर लिहून न्या, आणि सुरू असलेल्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाका. बोलताना विसरायला होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका.

पायरी सातवी: हे पुढच्या पिढीला देताना

मी शाळेतली, म्हणून हे शेवटी पण आग्रहानं. आपण स्वतःला मार्क देणं कितीही कमी केलं तरी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालादिवशी सगळं जुनं वर येतं. ६२५ पैकी किती, हा एकच आकडा गल्लीभर फिरतो. मराठी माध्यमातलं पोर कन्नड विषयात अडलं तर घरात सुतक आल्यासारखं होतं.

निकालाच्या आदल्या रात्री पोराजवळ बसून एकच सांगा: उद्या आकडा कितीही आला तरी सकाळचा नाष्टा, दुपारचं जेवण आणि तुझी जागा, यात बदल नाही. निकाल आल्यावर पहिला तासभर आकड्यावर चर्चा नको. पाव्हण्यांचे फोन मोठ्यांनी घ्यावेत, पोराच्या हातात देऊ नयेत. "किती पडले?" विचारणाऱ्याला आकडा सांगा आणि लगेच दुसरा विषय काढा.

दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका घेऊन बसा आणि विषयवार बोला. कुठला धडा समजला नव्हता, कुठं वेळ कमी पडला, कुठं छान झालं. "तू असाच आहेस" हे शब्द त्या टेबलावर आणायचे नाहीत, रागातही नाहीत आणि कौतुकातही नाहीत. नापास झाला असेल तर पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख त्याच दिवशी शाळेत फोन करून विचारून घ्या, ती लवकर निघून जाते. आणि तो फोन पोरालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा.